लव्हेंडर रोज पाणी घालूनही माना टाकतंय, नक्की काय चुकतंय?

गॅलरीतलीबाग:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच विचारतेय त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या. अडीच महिन्यांपूर्वी लव्हेंडरचं रोप आणलं, आणलं तेव्हा जांभळ्या फुलांनी नुसतं डवरलं होतं, वास तर असा की गाडीतून घरी येईपर्यंत सगळे खूश. त्याच दिवशी मोठ्या कुंडीत लावलं, १४ इंची प्लॅस्टिकची, म्हटलं ऐसपैस वाढू दे. माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात. रोज संध्याकाळी पाणी घालते, वरून पानांवर स्प्रे पण मारते कारण पानं कायम धुळकट राखाडी दिसतात. ऊन सकाळचं तीनेक तास येतं, मग सावली.

पहिले पंधरा-वीस दिवस मस्त गेले. मग फुलं वाळली (ते ठीक आहे, कधीतरी वाळणारच) पण त्यानंतर खालची पानं पिवळी, मग काळपट होऊन गळायला लागली, आता खालची वीतभर खोडं उघडी पडलीत आणि ती तपकिरी, खडबडीत, लाकडासारखी दिसतात. शेंडे माना टाकून बसलेत. माना टाकल्या म्हणून मी पाणी वाढवलं, दोन वेळा घालायला लागले तरी उठतच नाहीये. माती तर हाताला ओली लागते. आई म्हणते पाणी कमी पडतंय, नवरा म्हणतो जास्त होतंय, आणि दोघांपैकी कुणीही आजवर एक कुंडी सांभाळलेली नाही. खोड तपकिरी झालं म्हणजे रोप मेलं का? की जमिनीलगत छाटून टाकू, म्हणजे नवीन फुटेल? जास्वंदीचं तसं केलं होतं तर दणकून फुटली होती.

निवडुंगप्रेमी:
नवरा बरोबर आहे. पाणी आजपासून बंद.

आणि जमिनीलगत अजिबात कापू नका. थांबा, कुणीतरी सविस्तर लिहील, मी ऑफिसात आहे.

बोटमातीत:
मी लिहितो, आज सुट्टी आहे. ताई, आधी एक सांगतो, यात तुम्ही एकट्या नाही. मी पहिली चार लव्हेंडर अशीच घालवली, चारही लाडाने. एकही तहानेने गेलं नाही.

ओल्या मातीत झाड माना का टाकतं हे एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीतल्या बारीक फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजायला लागतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं आणि तरी तहानलेलं. वरून बघणाऱ्याला दिसतात फक्त लोंबलेले शेंडे, मग आपण अजून तांब्याभर घालतो, आणि उरलीसुरली मुळंही जातात. त्यात फायटोफ्थोरा नावाचा एक रोग असतो, दिसतो बुरशीसारखा, पाणबुरशी म्हणतातही, पण ती खरी बुरशी नव्हे, त्याचे बीजाणू अक्षरशः पाण्यात पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. तुम्ही रोज संध्याकाळी त्यांना स्विमिंग पूल भरून देत होतात.

आता हे झाड मुळात कुठलं ते बघा. ज्याला आपण लव्हेंडर म्हणून ओळखतो, ते लव्हांड्युला अँगुस्टिफोलिया, पश्चिम भूमध्य भागातल्या डोंगरउतारांवरचं. साधारण ५०० ते १८०० मीटर उंची, दगडगोटे, चुनखडीची हलकी माती, उन्हाळा कोरडा ठणठणीत. पाऊस पडला तरी उतारावरून निघून जातो, मुळाशी थांबत नाही. तिथे गांडूळखत घालायला कोण येतं? ते झाड गरिबीत वाढलंय. जास्त खत दिलं, म्हणजे जास्त नत्र, की लुसलुशीत लांब फांद्या येतात, झाड मधून फाकतं, फुलं कमी आणि वासही तेवढा नाही.

आणि ती पानांवरची धूळ धूळ नाहीये हो! ती बारीक केसांची लव आहे. ऊन परतवायला आणि पानातली ओल वाचवायला झाडाने घातलेला कोट आहे तो. स्प्रे मारला की पाणी त्या केसांत अडकून बसतं, संध्याकाळी मारला तर रात्रभर. तो स्प्रे मनीप्लांटकडे वळवा.

तर आता करायचं एकच, रोप कुंडीतून बाहेर काढा. हो, आजच. मुळं बघा. पांढरी किंवा फिकट, बोटाने ओढली तर न तुटणारी असतील तर आशा आहे. काळी, गिळगिळीत, वरची साल हातात येऊन आत दोरा राहतोय आणि नाल्यासारखा वास, तर ते मूळ गेलं. काय दिसतं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू. खोडाचं म्हणाल तर तपकिरी होणं म्हणजे मरणं नाही, हे झुडूप आहे, खालून लाकूड होणारच. नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं असेल तर फांदी जिवंत.

रविवारचामाळी:
माझा सोपा उपाय. कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खडे नाहीतर फुटक्या कौलांचे तुकडे टाका म्हणजे पाणी झटकन खाली जातं. वरून मूठभर चुना आणि महिन्यातून एकदा एप्सम सॉल्ट. माझ्या सगळ्या झाडांना हेच देतो, कुणाची तक्रार नाही. बाकी मंडळी उगाच घाबरवतात, झाड आहे, बाळ नाही.

जुनीकुंडी:
माळीदादा, राग नका मानू पण खड्यांचं हे मी पण वीस वर्षं केलं आणि ते चुकीचं निघालं. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजून गच्च झाल्यावरच उतरतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो चिखलाचा थर राहणार होता तो खड्यांमुळे जात नाही, फक्त तेवढाच वर सरकतो, मुळांच्या जवळ. घरी करून बघायचं असेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या, भिजवा, आडवा धरून गळू द्या, गळायचा थांबला की उभा करा. परत पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो, खड्यांनी मातीची उंची उलट कमी होते. खडे घालायचेच तर मातीत मिसळा, नाहीतर वर पसरा. वर पसरलेले बरे, पाऊस पडला की चिखल उडून खालच्या पानांवर बसत नाही आणि बुंधा कोरडा राहतो.

एप्समने इथे काही साधणार नाही, मुळंच नसतील तर मीठ कोण खाणार? चुन्याचं मात्र सरसकट सांगू नका, ते कुठलं लव्हेंडर आहे त्यावर आहे.

रविवारचामाळी:
स्पंजचं केलं आत्ता. गळलं खरं. बायको विचारतेय सिंकपाशी काय चाललंय.

निवडुंगप्रेमी:
😂

गॅलरीतलीबाग:
काढलं हो बाहेर. वाचतानाच पोटात गोळा आला होता. जे दिसलं ते सांगते, मधोमध एक घट्ट गोळा आहे, मूळ नर्सरीतल्या पिशवीचा आकार तसाच्या तसा, नुसता कोकोपीट, पिळला तर पाणी निथळतंय. माझी घातलेली माती बाहेरच्या बाजूने नुसती उभी होती, तिच्यात एक मूळ आलेलं नाही अडीच महिन्यांत!! गोळ्याच्या खालची मुळं काळी आणि तो वास... बोटमातीत दादा, तुम्ही नाला म्हणालात ते बरोबर. वरच्या बाजूला एका कडेला थोडी फिकट मुळं आहेत, घट्ट आहेत. खरवडलं तर सात फांद्यांपैकी तीन आतून हिरव्या, बाकीच्या तपकिरी कोरड्या. आणि अजून एक, मी रोप लावताना जरा खोल लावलं होतं, खालच्या फांद्या मातीत दोन बोटं गाडल्या होत्या, म्हटलं आधार मिळेल. गाडलेला सगळा भाग काळा पडलाय.

बोटमातीत:
सगळी उत्तरं तुमच्याच पोस्टमध्ये आली. तीन गोष्टी एकावर एक झाल्यात. मोठी कुंडी, म्हणजे मुळं एवढीशी आणि ओली माती केवढी, ती माती कोण पिणार? गोळा नुसत्या कोकोपीटचा, तो पाणी धरून ठेवायलाच असतो, नर्सरीवाल्यांना प्रवासात सोयीचा, आपल्याला नाही. आणि बुंधा गाडला गेला. मोठ्या कुंडीत ऐसपैस वाढेल हे टोमॅटोला खरं, लव्हेंडरला नाही. याला आधीच्या पिशवीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मोठी कुंडी पुरते, मुळांनी ती भरली की मग पुढची. मातीची बघा, सच्छिद्र असते, कडेनेही सुकते.

आता गोळा हलक्या हाताने मोकळा करा, कोकोपीट जेवढं पडेल तेवढं पडू द्या, काळी मुळं कात्रीने कापा, कात्री आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा. मेलेल्या चार फांद्या काढून टाका. मुळं कमी झाली म्हणजे वरचा पसाराही तेवढा कमी हवा, नाहीतर उरलेली मुळं एवढ्या पानांना पुरणार नाहीत. मग लहान मातीच्या कुंडीत, निम्मी साधी माती थोडं जुनं कंपोस्ट घालून, आणि निम्मं पर्लाइट (ते हलके, पांढरे, फुगवलेले खडे) किंवा जाड वाळू. जाड म्हणजे तांदळाच्या कणीएवढी, बारीक मऊ वाळू नको, ती मातीच्या फटी बुजवून सिमेंट करते. जुनी माती दुसऱ्या झाडालाही वापरू नका. लावलं की एकदा पाणी, मग हात आवरा. आठवडाभर उजेडात पण तिखट उन्हापासून लांब.

खरं सांगू का, वाचायची शक्यता अर्धीच. म्हणून त्या तीन हिरव्या फांद्यांवरून आजच कलमं करून ठेवा. आईझाड गेलं तरी वंश राहील.

पानाचीकड:
मध्येच येतेय. सगळे अँगुस्टिफोलिया धरून बोलताय पण ताईंनी कुठलं ते सांगितलंच नाहीये. पानाचा फोटो जमत नसेल तर शब्दांत सांगा: पानाची कड सपाट आहे की दातेरी? आणि फूल होतं तेव्हा वर टोकाला जांभळ्या पाकळ्यांचे कान असल्यासारखे तुरे होते का?

गॅलरीतलीबाग:
दातेरी! करवतीसारखी पण टोचत नाही, बोथट दाते. मला वाटलं कीड खातेय म्हणून मी कडुनिंबाचं तेलही मारलं होतं दोनदा 🙈 तुरा होता पण छोटासा, फिका. कान वगैरे म्हणण्याइतका नाही.

पानाचीकड:
मग ही लव्हांड्युला डेंटाटा. डेंटाटा म्हणजेच दातेरी. कीड नाही, जन्मखूण आहे ती. आणि ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे, कशी ते सांगते.

लोक एका नावाखाली चार वेगळी झाडं विकतात. सपाट कडेचं, करडं, आखूड दांडीवर एकच कणीस, वास गोड आणि मऊ, ते अँगुस्टिफोलिया. त्याला इंग्लिश लव्हेंडर म्हणतात, इंग्लंडचं मुळीच नाही तरी. हे थंडीचं झाड, उणे १५ अंशापर्यंत सहज तग धरतं, पण त्याच्या कित्येक जातींना भरभरून फुलायला थंडीचे काही आठवडे मिळावेच लागतात आणि उष्ण दमट हवेत ते कुढतं. लोक म्हणतात आमचं वाढतं पण फुलत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. दुसरं लव्हांडिन, हे अँगुस्टिफोलिया आणि लॅटिफोलिया (लव्हेंडरचीच रुंद पानांची जात) यांचा संकर, उंच, लांब दांडी, खालून अजून दोन कणसं फुटलेली, कापराची झाक असलेला वास. फ्रान्सच्या वालांसोल पठारावरच्या ज्या जांभळ्या रांगांचे फोटो फिरतात ना, त्या बहुतेक लव्हांडिनच्या. ते वांझ असतं, बी धरत नाही, सगळी लागवड फांदीवरून. म्हणून लव्हांडिनचं बी म्हणून कुणी पाकीट दिलं तर हसून परत करा.

तिसरं स्टोईकास, ते सशाच्या कानांचं, कणीस बुटकं गुबगुबीत आणि वर दोन-चार जांभळे कान. ह्याला चुना आवडत नाही, त्याला किंचित आम्ल माती लागते, म्हणून जुनीकुंडी म्हणाले ते महत्त्वाचं. बाकी दोघांना मातीचा सामू (pH) साडेसहा ते साडेसात असला की बरं. आणि चौथी तुमची डेंटाटा. हिला फुलायला थंडीची गरज नाही, सौम्य हवेत वर्षातला बराच काळ फुलत राहते, उष्णता आणि दमटपणा अँगुस्टिफोलियापेक्षा जास्त सोसते. कडाक्याची थंडी मात्र नाही, उणे पाचच्या आसपास संपते. वास रोझमेरीकडे झुकलेला. तेलासाठी हिची लागवड करत नाहीत, पण झुडूप म्हणून देखणी.

नावांचा हा घोळ आजचा नाही म्हणा. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली अँगुस्टिफोलिया आणि लॅटिफोलिया दोन्ही एकाच नावात कोंबली होती, फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने १७६८ मध्ये अँगुस्टिफोलियाला वेगळं नाव दिलं. आणि फ्रेंच लव्हेंडर म्हणजे कुणी डेंटाटा म्हणतं, कुणी स्टोईकास, त्यामुळे लेबलावर नुसतं फ्रेंच लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. पान बघायचं.

जुनीकुंडी:
स्टोईकास हे नाव बेटांवरून आलंय, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळची बेटं, पूर्वी त्यांना स्टोईकाडेस म्हणत. पहिल्या शतकातल्या डिओस्कोरिडिस या ग्रीक वैद्याने त्याचा उल्लेख केलाय. आणि गंमत म्हणजे आपण इथे एक रोप जगवायला रडतोय आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हेच स्टोईकास उपद्रवी तण म्हणून जाहीर आहे. जागा आवडली की ते कुणाचं ऐकत नाही.

गॅलरीतलीबाग:
म्हणजे माझं आणलेलं रोप बरोबर होतं, माझे लाडच चुकले. बरं मला कलमं कशी करायची ते नीट सांगा ना, यूट्यूबवर एक जण पाण्याच्या ग्लासात ठेवतो, एक जण बटाट्यात खुपसतो, एक जण कोरफडीत.

बोटमातीत:
बटाट्याची भाजी करा.

फांदी अशी निवडा की तिच्यावर फूल किंवा कळी नाही, शेंडा कोवळा पण खालचा भाग जरा घट्ट व्हायला लागलाय, वाकवली तर वाकते आणि सोडली की परत येते. आठ-दहा सेंटीमीटर पुरे. पानांची जोडी जिथे फुटते त्या पेराच्या बरोबर खाली धारदार ब्लेडने कापा. खालची अर्धी पानं खुडा, ओढू नका, ओढलं की साल सोलते. किंवा फांदी कापण्याऐवजी बाजूचा फुटवा खाली ओढून मूळ फांदीच्या सालीच्या बारीक चिरफळीसकट काढा, त्या टाचेतून मुळं छान धरतात, मी असंच करतो. मुळं फुटायची पावडर (रूटिंग हार्मोन) असेल तर लावा, नसेल तर अडत नाही. पर्लाइट आणि जाड वाळूत खोचा, ओलसर ठेवा, ओलं नाही. उजेड भरपूर, ऊन थेट नको. तीन ते सहा आठवडे लागतात. हलकेच ओढून बघा, अडलं तर मूळ आलं. रोज ओढून बघू नका मात्र, मी बघायचो.

वरून पिशवी घालतात लोक, या लवदार पानांना पिशवीत बुरशी लवकर लागते. घातलीच तर दिवसातून एकदा उघडा.

बी पेरायचा विचार मनातही आणू नका. उगवायला दोन ते चार आठवडे किंवा जास्त, त्याआधी काही आठवडे फ्रिजमध्ये ओलसर ठेवावं लागतं, आणि एवढं करून संकरित जातीचं बी आईसारखं निघेलच असं नाही. धीर असणाऱ्यांनी करावं. मला नाही.

शेंडाखुडू:
छाटणीचं कुणीच बोललं नाही नीट. ताईंना जमिनीलगत का नाही कापायचं? माझ्याकडे रोझमेरी आहे, तिलाही कापते मी जरा बेतानेच, पण लव्हेंडरचं एक ऐकलंय की दरवर्षी अर्धं कापलंच पाहिजे, नाहीतर असं टकलं होतं.

निवडुंगप्रेमी:
ऑफिस सुटलं, आता लिहितो. दोन्ही खरं आहे आणि त्यातच लोकांचा गोंधळ होतो. जास्वंद, गुलाब, मोगरा यांच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे असतात, वरून कापलं की ते जागे होतात आणि फुटतात. लव्हेंडरच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून बहुतेक वेळा काहीच फुटत नाही. तिथे कापलं तर ती काठी काठीच राहते. म्हणून कापायचं ते हिरव्यात. म्हणजे वरपासून खाली या, जिथे शेवटची जिवंत पानं किंवा बारीक हिरवे कोंब दिसतात त्याच्या जरा वर थांबा. बहर संपला की वाळक्या दांड्या आणि त्यांच्याबरोबर पानांचा साधारण एक तृतीयांश भाग, घुमटासारखा आकार देत. दरवर्षी. लहान असल्यापासून. ज्यांनी पहिली तीन वर्षं जीव होत नाही म्हणून कात्री लावली नाही त्यांचं झाड चौथ्या वर्षी मधून फाटतं, खाली टक्कल आणि वर चार पिसं, मग ते कापायला जातात आणि झाडच जातं. अर्धं कापा म्हणणारे बरोबर आहेत, फक्त ते अर्धं म्हणजे हिरव्याचं अर्धं.

आणि हो, नवीन रोपाची पहिल्या वर्षीची फुलं लवकर काढून टाकली तर ते मुळांवर जोर देतं. हे सांगतो खरा पण मी स्वतः कधी केलं नाही, फुलं बघवतात म्हणून तर आणतो ना.

शेंडाखुडू:
हे हिरव्यातलं अर्धं म्हणजे आज कळलं. आणि टकल्या झाडाचं काय करायचं मग?

निवडुंगप्रेमी:
कलमं काढायची आणि म्हाताऱ्याला निरोप. कुंडीतलं लव्हेंडर काही वडाचं झाड नाही, चांगली छाटणी झालेलं सहसा दहाएक वर्षं छान दिसतं, मग बदलायचं. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

दोनमांजरी:
एक शंका, माझ्याकडे मांजरं आहेत, कुठेतरी वाचलं लव्हेंडर चालत नाही. आणि डास पळतात का हो खरंच?

पानाचीकड:
लव्हेंडरमधली लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही वासाची द्रव्यं, ती मांजरांना आणि कुत्र्यांना बाधतात, जास्त खाल्लं तर उलट्या, भूक मंदावणं. झाड हुंगून निघून जाणाऱ्या मांजराला काही होत नाही, चघळणारं असेल तर कुंडी उंचावर. खरी काळजी तेलाच्या बाटलीची घ्या, ते फार तीव्र असतं. डासांचं म्हणाल तर तेल पानांवरच्या आणि फुलाच्या देठाशी असलेल्या हिरव्या-जांभळ्या पेल्यांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत बंद असतं, पान चुरगळलं की बाहेर येतं. नुसती कुंडी ठेवली म्हणून डास जाणार नाहीत, मच्छरदाणी काढू नका. त्या पेल्यांवरच ग्रंथी असतात म्हणून तर पाकळ्या गळून गेल्यावरही कणसाला वास राहतो. वाळवायचं असेल तर कणसातली पहिली काही फुलं उमलली की कापायचं, सगळी उमलायची वाट बघितली तर वाळल्यावर झडतात. छोट्या जुड्या, उलट्या टांगून, अंधारात आणि हवेशीर.

गॅलरीतलीबाग:
धागा वर आणतेय, नऊ आठवडे झाले, हिशोब द्यायचा राहिलाय. आईझाड गेलं. दोन आठवडे उभं होतं, मला वाटलं जमलं, मग एका सकाळी तिन्ही फांद्या करड्या, हात लावला तर कुरकुरीत. पण नऊ कलमं लावली होती, पिशवी न घालता. चार काळी पडून गेली, त्यातल्या तीन त्या पाण्याच्या ग्लासातल्या, हो, मी ऐकलं नाही, करून बघितलंच. एकाला मुळं आलीच नाहीत, ते नुसतं हिरवं राहून मला फसवत होतं. चार जगली!! काल एक उपटून बघितलं (एकदाच) तर पांढरी, दोन सेंटीमीटरची मुळं, फाटे फुटलेली. चारही लहान मातीच्या कुंड्यांत हलवली, निम्मी माती निम्मं पर्लाइट, बुंधा मातीच्या वर, वरून बारीक खडे. आता ती गॅलरीच्या त्या टोकाला आहेत जिथे माझे कपडे वाळायचे, सहा-सात तास ऊन आहे तिथे. कपडे सावलीत. आई अजूनही येता-जाता म्हणते पाणी घाल गं त्यांना, चेहरे बघ.

पाण्याचं मात्र अजून हाताला कळत नाहीये. किती दिवसांनी घालू?

जुनीकुंडी:
दिवस मोजू नका, हवा रोज वेगळी असते. कुंडी उचला. पाणी घातल्या घातल्या किती जड लागते ते हाताला एकदा कळू द्या, मग रोज सकाळी नुसती उचलून बघा, हलकी लागली की घाला, तळातून वाहीपर्यंत, आणि बशीतलं ओतून द्या. हलकी नसेल तर खाली ठेवा. खात्री वाटत नसेल तर बोट दोन पेरं आत घाला, तिथेही कोरडं असेल तर वेळ झाली. पण एवढ्या लहान रोपांना अगदी खडखडीत होऊ देऊ नका हं, कोरडेपणा सोसतं ते मोठं मुरलेलं झाड, ही अजून बाळंच आहेत. मूळ पसरलं की अंतर वाढवत न्या. संध्याकाळपेक्षा सकाळी, आणि पानांवर नाही, मातीत.

रविवारचामाळी:
बाळं म्हणालात ना शेवटी!

जुनीकुंडी:
म्हणालो. 😄

गॅलरीतलीबाग:
उचलून बघितल्या. दोन जड, एक हलकी, एक मधलीच. हलकीला घातलं. अजून एकच, यांचे शेंडे आता खुडू का? एक फार लांबुळकी चाललीय.

बोटमातीत:
नवीन मातीत हलवल्याला दोन आठवडे होऊ द्या, नवी पानं निघायला लागली की मग वरची एक पानजोडी चिमटीने खुडा. बाजूने दोन फुटतील. लांबुळकीला ऊन कमी पडतंय, कुंड्या आळीपाळीने फिरवा. आणि खुडलेला शेंडा टाकू नका, खोचा तिथेच वाळूत.